चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई

अगं अनघा, गॅलरीत आहेस ना? दोन्ही घरांमधल्या फळीखालच्या फटीतून तुझ्या स्लिपर दिसल्या म्हणून हाक मारली. नको, उठू नकोस, तिथूनच बोल. मी कपडे वाळत घालते, तू तुझी मेथी निवड. आज हवा कोरडी आहे, दुपारपर्यंत टॉवेलसुद्धा वाळतील. टोकियोत डिसेंबरात एवढं एक सुख. जूनमध्ये बघ, मोजे वाळता वाळत नाहीत. आणि हो, ती खोकी फळीला टेकवून ठेवली आहेस ती आजच्या आज हलव. हिच्यावर काय लिहिलंय माहितीये का? आग लागली आणि दाराकडून जाता आलं नाही, तर ही फळी फोडून शेजारच्या घरात शिरा. म्हणून तर ती इतकी पातळ. परवा तू फोनवर सासूबाईंशी बोलत होतीस ते मी ऐकलं नाही हं, पण ऐकू आलं.

तर काल लिफ्टमध्ये तुझा नवरा आमच्या ह्यांना म्हणाला, अनघाला घरी बसून कंटाळा येतो, वहिनींसारखी शाळेत इंग्लिश शिकवायची नोकरी तिला मिळेल का? हे म्हणाले, विचारून सांगतो. घरी येऊन मला विचारलं काय, तर जेवायला काय आहे. म्हटलं, त्यापेक्षा आपणच बोलावं.

मिळेल. का नाही मिळणार? पण आधी सगळं ऐकून घे. मागाहून म्हणू नकोस, वहिनींनी सांगितलं नाही.

हे बघ, इथे परदेशी माणसाने इंग्लिश शिकवायचं म्हणजे तीन घरं. पहिलं सरकारी, त्याला जेट म्हणतात. १९८७ साली सुरू झालं. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशा चार देशांतून ८४८ जण आणले होते. आता पाच हजारांच्या वर असतात, आणि देशही पन्नासेक झालेत. त्यांचा थाट वेगळा. पगार बरा, विमानाचं तिकीट सरकारी, शिक्षण मंडळ पाठीशी. पहिल्या वर्षाला ३३ लाख ६० हजार येन हा आकडा कितीतरी वर्षं तसाच होता, २०२५ मध्ये कुठे ४० लाखांवर नेला. अगं येन, रुपये नाहीत, डोळे मोठे करू नकोस! पण त्याचा अर्ज आपापल्या देशातून, जपानच्या वकिलातीत करायचा. आपण इथे येऊन बसलो, आपल्याला ते दार बंद. आणि पाठवतात कुठे, तर बहुतेकांना खेड्यापाड्यांत, नाहीतर कुठल्या तरी बेटावर. लग्न होऊन चार महिने नाही झाले, तुला काय करायचंय शिमानेच्या डोंगरात जाऊन?

दुसरं घर म्हणजे एइकाइवा. स्टेशनाबाहेरच्या इमारतींमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पाट्या असतात बघ, ते संभाषणाचे क्लास. दुपारी सुरू व्हायचं, रात्री नऊला सुटायचं, शनिवार-रविवार तर हमखास कामाचे, कारण गिऱ्हाईक तेव्हाच मोकळं. त्यातला सगळ्यात मोठा होता नोव्हा. टीव्हीवर त्यांचा गुलाबी ससा यायचा, शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. २००७ च्या ऑक्टोबरात दिवाळं वाजलं त्याचं. हजारो परदेशी मास्तरांचे पगार थकले. त्यातल्या कित्येकांची राहायची जागाही कंपनीनेच लावून दिलेली, म्हणजे पगारही नाही आणि डोक्यावर छप्परही राहतंय की नाही कळेना. शेवटी मास्तरांच्या युनियनने युक्ती काढली: विद्यार्थ्यांनी जेवू घालायचं, त्या बदल्यात मास्तरांनी शिकवायचं. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत ना, इथे मास्तरांनी वार लावले! तेव्हापासून आमच्यातले जुने लोक महिन्याची पंचवीस तारीख आली की आधी बँकेचं पासबुक भरून बघतात.

तिसरं घर माझं. शाळेत जायचं, पण नोकरी शाळेची नाही. कंपनीची. पालिकेचं शिक्षण मंडळ टेंडर काढतं, कमी पैशांत माणसं कोण पुरवतो ते बघतं, आणि ती कंपनी मला शाळेत पाठवते. आता कमी पैशांत म्हणजे कुणाच्या जिवावर, ते तूच ओळख. करार एप्रिल ते मार्च. ऑगस्टात शाळा बंद, की पगाराला कात्री. डिसेंबर-जानेवारीत कंपनीतून फोन येतो, पुढच्या वर्षी राहणार का? आपण हो म्हणायचं, आणि मग मार्चपर्यंत वाट बघायची की ते आपल्याला हो म्हणतात का.

तासांची गंमत ऐक. कागदावर आठवड्याला साडेएकोणतीस तास लिहायची पद्धत होती. तीस का नाही? तर तीस झाले की आरोग्यविमा आणि पेन्शन यांत मालकाला निम्मा वाटा भरावा लागायचा. अर्ध्या तासाने केवढं वाचलं बघ! मधल्या सुट्टीत मी मुलांबरोबर दोरीवरच्या उड्या मारते, तो कुणाच्याच हिशोबात नसलेला वेळ. आता कायदा आवळलाय, जरा मोठी कंपनी असेल तर वीस तासांवरच्या माणसाचाही विमा भरावा लागतो. पण ज्यांना पळवाटा काढायच्या ते काढतातच.

आणखी एक ऐकशील तर हसशील. या कंत्राटांचा एक प्रकार असा, की वर्गशिक्षिकेने मला थेट काही सांगायचंच नाही. कायद्याने! सांगितलं तर ते कंत्राट खोटं ठरतं, कारण मग मी शाळेची नोकर झाले ना. माझ्या पहिल्या शाळेत असंच होतं. वर्गात आम्ही दोघी एका फळ्यासमोर उभ्या, तिला वाटतंय मी जरा सावकाश बोलावं, पण तिने ते शाळेच्या कचेरीत सांगायचं, कचेरीने कंपनीला, आणि कंपनीच्या माणसाने संध्याकाळी मला फोन करायचा. तोवर ती मुलं घरी जाऊन, जेवून झोपलेली. मग आम्ही काय केलं, ती मुलांकडे बघून म्हणायची, "मुलांनो, जरा जास्तच भरभर झालं का रे?" आणि मी सावकाश बोलायची.

काय म्हणालीस? मग सोडत का नाही? सांगते ना. ही चिमट्यांची पिशवी कुठे गेली... हां.

अगं, शाळाच अशी आहे. सकाळी आठला सायकल लावायची, दारात बाहेरचे बूट कप्प्यात ठेवून आतले घालायचे. शिक्षकांच्या खोलीत एकेका इयत्तेच्या शिक्षकांची टेबलं एकमेकांना चिकटवून मांडलेली, आणि समोर मधोमध उपमुख्याध्यापक. मुख्याध्यापक वेगळ्या खोलीत, ते फक्त भाषणाला आणि पाहुण्यांना. शाळा चालवतात ते उपमुख्याध्यापकच. सगळ्यात आधी येतात, सगळ्यात शेवटी जातात, फोन तेच उचलतात, गळका नळ तेच बघतात. माझं टेबल कोपऱ्यात, फोटोकॉपीच्या मशीनशेजारी. सुरुवातीला वाटलं, बाहेरची म्हणून कोपरा दिला. नंतर कळलं की तिथेच सगळ्या बातम्या येतात. कुणाची बदली होणार, कोणत्या वर्गातली आई काल येऊन दीड तास बसली होती, कोण लग्न करतंय. प्रिंट निघेपर्यंत माणूस काहीतरी बोलतोच.

इंग्लिश इथे पाचवी-सहावीला पूर्ण विषय झाला तो २०२० पासून. वर्षाला सत्तर तास. तिसरी-चौथीला पस्तीस तास, पण परीक्षा नाही, नुसती ओळख, खेळ, गाणी. आणि शिकवायचं कुणी, तर वर्गशिक्षकानेच. ज्या बिचाऱ्याने कॉलेजनंतर इंग्लिशचं तोंड पाहिलेलं नाही तो गणितही शिकवतो, पोहणंही शिकवतो, आता इंग्लिशही. म्हणून माझी गरज. नाव असिस्टंट. काही वर्गांत मी खरंच असिस्टंट असते, टेपरेकॉर्डरसारखी उभी; आणि काही वर्गांत शिक्षक मागे वह्या तपासत बसतात, मी एकटी चौतीस मुलांपुढे.

तिसरीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात देशोदेशीचे नमस्कार आहेत, त्यात आपलं नमस्तेही आहे. त्या तासाला मी राणी असते. चौतीस मुलं हात जोडून वाकतात, आणि वाकतात ती जपानी पद्धतीने पार कमरेतून, त्यामुळे बाकावर डोकी आपटतात.

आणि भारतातली म्हटल्यावर दोन प्रश्न ठरलेले. पहिला: रोज करी खाता का? दुसरा: तुम्हाला एकोणीसचा पाढा येतो का? मध्ये एकदा जपानात भारतीय गणिताचं खूळ आलं होतं, दुकानांत पुस्तकंच पुस्तकं. तेव्हापासून इथल्या लोकांची पक्की समजूत आहे की भारतातलं पोर जन्मतःच एकोणीस एकोणीसापर्यंत पाढे पाठ करून येतं. चौथीतला एक पोरगा, पुढचे दोन दात पडलेले, तास संपल्यावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात शाळेचा टॅबलेट, इथे आता प्रत्येकाला असतो. म्हणाला, सेन्सेई, सतरा गुणिले एकोणीस? डोंबिवलीत आमच्या आजीने दिवेलागणीला तीसपर्यंत पाढे म्हणून घेतले होते गं, तेव्हा किती चिडायचे मी! मी म्हटलं, तीनशे तेवीस. त्याने टॅबलेटवर केलं. वर बघितलं. परत केलं. आणि मग असा काही ओरडला की शेजारच्या वर्गातली पोरं धावत आली. त्या दिवसापासून त्या शाळेत मी इंग्लिशची बाई नाहीच, गणिताची जादूगार. जिन्यात, ग्राउंडवर, कुठेही अडवतात. एकदा तर उपमुख्याध्यापकांनीच फॅक्स करता करता हळूच विचारलं, अठरा चौदा? दोनशे बावन्न म्हटलं आणि पुढे गेले.

बघ, चहा गार झाला माझा. असू दे.

जेवणाचं तुला सांगायलाच हवं, कारण तू शाकाहारी. शाळेत जेवण शाळेचंच, क्यूशोकु म्हणतात. त्याची शिस्त बघायला तरी एकदा ये. बारा-सव्वाबाराला घंटा झाली की पाळीची मुलं पांढरे ॲप्रन, पांढऱ्या टोप्या, मास्क घालून स्वयंपाकघराकडे रांगेने जातात, पातेली ढकलगाडीवरून वर्गात आणतात आणि स्वतः वाढतात. सात-आठ वर्षांची पोरं गं! सूप वाढणारी मुलगी डाव कसा धरते, थेंब सांडू नये म्हणून ओठ कसे मुडपते. शिक्षकही त्याच रांगेत ताट धरून उभे. सगळ्यांच्या पुढ्यात वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी जेवायचं, बरं का. चव घ्यायला नाही, काही बाधलंच तर आधी त्यांना बाधावं म्हणून. कुणी गैरहजर असलं आणि पुडिंग उरलं की त्यासाठी दगड-कागद-कात्री. वर्ल्डकपची फायनल परवडली.

महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. प्रत्येक पदार्थात काय काय घातलंय ते सगळं छापलेलं: अंग भरणारं लाल रकान्यात, ताकद देणारं पिवळ्यात, प्रकृती सांभाळणारं हिरव्यात. पण तू हिरव्या रकान्यावर जाऊ नकोस हं. नुसती पालकाची भाजी वाटते, पण तिच्यावर सुकवलेल्या माशाचा कीस असतो. सूप म्हणशील तर माशाच्या पाण्यातलं. करी राइस म्हणशील तर डुकराच्या मटणाची. मला चालतं सगळं, आमच्याकडे सोडे-बोंबील घरचेच. तू सांगून डबा नेऊ शकतेस, कुणी नाही म्हणत नाही. फक्त डबा उघडलास की चौतीस माना तुझ्याकडे वळणार एवढी तयारी ठेव.

जेवण झालं की सफाई. इथे शाळेत शिपाई झाडू मारत नाही. मुलंच. बाकं मागे ढकलायची, ओली फडकी दोन्ही हातांनी जमिनीला दाबून, ढुंगण वर करून वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं. भूकंपाच्या ड्रिलला तर मजाच. खुर्चीवर जे मऊ आसन असतं ना, ते उलगडलं की डोक्यावर घ्यायची कापसाची टोपी होते. घंटा वाजली की सगळी त्या टोप्या घालून बाकाखाली. मीसुद्धा. माझ्या गुडघ्यांचा आवाज होतो म्हणून हसतात मेली.

आणि चारला मी निघते. तीच खरी अवघड वेळ. कारण कुणीच निघालेलं नसतं. मी आपली वाकत वाकत, माफी मागत बाहेर पडायचं, आणि ते सगळे रात्री आठ-नऊपर्यंत बसणार. तुला वाटेल ओव्हरटाइम मिळत असेल. कसला! १९७१ चा कायदा आहे, सरकारी शाळेतल्या शिक्षकांना ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या चार टक्के सरसकट द्यायचे, मग थांबा किती थांबायचं ते. आत्ता कुठे ते चारचे दहा टक्क्यांपर्यंत हळूहळू न्यायचं ठरलंय. माझ्या शेजारच्या टेबलावरची पोरगी सव्वीस वर्षांची आहे, ड्रॉवरमध्ये कप नूडल्सचा साठा. ती मला म्हणते, तुमचं बरं आहे, चारला सुटता. मी तिला म्हणते, तुझं बरं आहे, मार्चमध्ये फोन येत नाही. दोघींचंही खरं.

आता तो विषय काढते. तूही कधीतरी विचारशीलच. रंगाचा. स्टेशनातल्या क्लासच्या जाहिराती बघितल्यास? त्यात हसणारा चेहरा कुणाचा असतो? आपल्यासारखा कधी दिसला का? मला एका क्लासच्या मुलाखतीत विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? म्हटलं, मराठी, पण भांडण इंग्लिशमध्ये. हसले, आणि आठ दिवसांनी नकार आला. एकदा शाळेत पालकांना वर्ग बघायला बोलावतात तेव्हा एका आईने वर्गशिक्षिकेला विचारलं, मुलांना भारतीय उच्चार नाही ना लागणार? मी दोन हातांवर उभी, आणि मला जपानी कळत नाही असं तिने धरून चाललेलं. शिक्षिकेने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती मान हलवली. इथल्या माणसांना ते फार छान जमतं. पण मुलांना काही नाही गं. मुलांच्या लेखी बाई एकतर मजेदार असते नाहीतर कंटाळवाणी. आणि आता फिलिपिन्सच्या मुली शाळांमध्ये इतक्या आल्यात की पालकांनाही सवय होतेय. गोऱ्या रंगाची ती हौस क्लासवाल्यांचीच जास्त, कारण त्यांना ती विकायची असते.

खालच्या आजी काय म्हणायच्या माहितीये? सकाळी आठला एनएचकेवर 'बाकेबाके' मालिका लागायची ना, रोज पंधरा मिनिटं, आजींचा भाग चुकायचा नाही. ती म्हणे आमच्यावरच होती. म्हणजे लाफ्कादिओ हर्नच्या बायकोवर. हा हर्न १८९० मध्ये मात्सुएला आला, माध्यमिक शाळेत इंग्लिश शिकवायला. तेव्हा पगार महिन्याला शंभर येन, आणि तो घसघशीत! आज शंभर येनच्या दुकानात शंभर येनला काही मिळत नाही, वर दहा कर. तिथे त्याने सेत्सुशी लग्न केलं. सामुराई घराण्यातली, पण घराणं पार बुडालेलं. पुढे तो जपानी नागरिक झाला, बायकोच्या घराचं आडनाव लावलं, कोइझुमी याकुमो. त्याने लिहिलेल्या भुताखेतांच्या गोष्टी आज इथली पोरं शाळेत वाचतात. आजी डोळे पुसत सांगत होत्या. मी म्हटलं, आजी, पुढचं मी सांगते. टोकियोच्या विद्यापीठात जवळजवळ सात वर्षं शिकवल्यावर १९०३ मध्ये त्यालाही घरी बसवलं. त्याच्या जागी आला लंडनहून परतलेला नात्सुमे सोसेकी, जो पुढे त्यांचा सगळ्यात मोठा कादंबरीकार झाला. विद्यार्थ्यांनी हर्नसाठी बोंबाबोंब केली, पण गेलेली जागा काही परत मिळाली नाही. आजींना हे माहीतच नव्हतं. म्हणाल्या, मालिकेत नसेल दाखवायचं.

तर तू विचारत होतीस, सोडत का नाही. अगं, संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये जा माझ्याबरोबर. एक तरी पोर लांबून किंचाळतंच, सेन्सेई! मग त्याची आई धावत येते, वाकते, मी वाकते, पोर माझ्या टोपलीत डोकावतं. परवा ह्यांच्यासाठी बिअर आणि अर्ध्या किमतीचं लेबल लावलेली सुशी घेतली होती. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात जाहीर झालं! आपल्या इथल्या कित्येक बायका दहा-दहा वर्षं राहिल्या, त्यांना या गल्लीत कुणी नावाने ओळखत नाही. आयटीतल्या अमक्याची बायको, एवढंच. मला केशकर्तनालयातला म्हातारासुद्धा सेन्सेई म्हणतो. पुराणिकांचं बघ ना, आपल्यातलाच माणूस, २०१९ मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डातून निवडून आला, आणि पुढे इबाराकीत सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला. तिथवर मला जायचं नाहीये, मला आपली ती फोटोकॉपी मशीनशेजारची खुर्ची बस आहे. पण ती दर मार्चला हातातून जाते की राहते, याचा घोर जात नाही हेही तितकंच खरं.

आता तुझं. तू सांगलीत कुठल्या शाळेत होतीस? दहावीपर्यंत मराठी मिडियम? अरेरे. मग शाळेतला शिक्षकाचा व्हिसा काढणं कठीण आहे गं. त्याला बारा वर्षं इंग्लिशमधून शिक्षण झाल्याचा दाखला लागतो. माझं कॉन्व्हेंट म्हणून निभावलं, आणि त्या कॉन्व्हेंटमध्ये मी सातवीत इंग्लिशमध्येच दोनदा नापास होता होता वाचले होते, ते कुणी विचारलं नाही. तुझं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं, पण कागद कागदाला विचारतो. मराठी शाळेत शिकल्याचा हिशोब टोकियोत द्यावा लागेल असं तुझ्या आईबाबांच्या स्वप्नातही आलं नसेल.

अगं, तोंड पाडू नकोस. तुझा डिपेन्डन्ट व्हिसा आहे ना? त्यावर आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायचा परवाना मिळतो. फुकट. शिनागावाला इमिग्रेशनच्या ऑफिसात जायचं, फॉर्म भरायचा, सकाळी लवकर जा, नाहीतर दिवस तिथेच. त्याला बारा वर्षांची अट नाही. मग लहान मुलांचे क्लास आहेत, शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात तिथले इंग्लिशचे तास आहेत. माझ्या ओळखीत दोन-तीन जणी करतात, मी नंबर देते. फक्त अठ्ठावीसचे एकोणतीस होऊ देऊ नकोस, क्लासवाले गोड बोलून थांबवून घेतात आणि व्हिसा आपला जातो. तास स्वतःच्या डायरीत लिहीत जा.

आणि परवाना येईपर्यंत हात रिकामा नको असेल तर एक काम आहे. खालच्या आजींचा नातू नववीत आहे, जानेवारीत एइकेनची, म्हणजे इंग्लिशची परीक्षा. लेखी तो काढेल, पण नंतर तोंडी असते आणि पोरगा तोंडच उघडत नाही. आजी माझ्या मागे लागल्यात, पण मला शनिवार तेवढाच मिळतो. तू जा. पैसे मात्र घ्यायचे नाहीत, परवान्याशिवाय तर मुळीच नाही. त्या बदल्यात आजी तुला जपानी शिकवतील, शिवाय कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा तेही. कालची तुझी पिशवी स्टिकर लावून तशीच ठेवली होती त्यांनी, बघितलीस ना? मी आजींना शनिवारी अकराचं सांगून ठेवलंय. हो, तुला न विचारताच. जाताना हात हलवत जाऊ नकोस, थोडे बेसनाचे लाडू कर. चकल्या नकोत, मागे मी शाळेत वाटल्या होत्या, उपमुख्याध्यापकांनी तीन ग्लास पाणी प्यायलं.